पाण्याखाली जाणारा पूल

प्रस्तावना

पावसाळ्यात भामरागडला राहिलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. रस्ता आहे म्हणून जाता येईलच, असं नसतं. आलापल्लीहून साठ-पासष्ट किलोमीटरचा रस्ता साग, ऐन आणि बांबूच्या रानातून येतो आणि गावाच्या तोंडाशी पर्लकोटा नदीला भेटतो. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तिन्ही नद्या इथे एकत्र येतात. इंद्रावती फुगली की पर्लकोटेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे दाबलं जातं. वरचा पाऊस थांबला तरी नदी उतरत नाही. ठेंगणा पूल पाण्याखाली जातो, भामरागडचा संपर्क तुटतो आणि नदी मोकळं करील तेव्हाच माणसं निघतात.

मी आयुष्यभर रस्त्या-पुलांच्या कामावर नोकरी केली. १९९०च्या दशकातली काही वर्षं या तालुक्यात काढली. पत्त्यांतला ब्रिज मी इथेच खऱ्या अर्थाने शिकलो. या खेळाचं नाव पुलावरून आलेलं नाही. १८८६ साली लंडनमध्ये छापलेल्या एका पुस्तिकेत ते ‘बिरिच’ असं आहे, आणि पुलाशी त्याचा संबंध नसावा असंच बहुतेक अभ्यासक मानतात. तरीही या पुस्तकाचा विषय मला कळला तो पुलामुळेच, म्हणून सुरुवात पुलापासून करतो.

नाल्यावर पूल बांधायचा तर सगळ्यात मोठ्या पुराच्याही वर राहील असा उंच पूल बांधावा, हे कोणालाही कळतं. पण तेवढा पैसा प्रत्येक नाल्याला मिळत नाही. मग अभियंता दुसरा पर्याय घेतो. तो मुद्दाम बुडीत पूल किंवा साधा रपटा बांधतो, जो वर्षातले काही दिवस पाण्याखाली जाणार हे आधीच मान्य असतं. अशा पुलाचं सगळं शहाणपण तो बुडतो तेव्हाच्या वागण्यात असतं. त्याचे कठडे काढून ठेवता येतील किंवा आडवे पाडता येतील असे करतात. नाहीतर वाहून आलेली झाडं त्यांना अडकतात, मागे पाणी तुंबतं आणि त्या रेट्याने पूलच जातो. पाण्याला वरून जाऊ दिलं की पूर ओसरल्यावर पूल जागेवर सापडतो. उंच पूल बांधणारा विचारतो, पाणी कुठवर चढेल? बुडीत पूल बांधणाऱ्याला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: पाणी वरून गेलं तर माझं काय होईल?

ब्रिजमध्ये प्रतिस्पर्धी मध्येच बोलला की आपल्यावर हाच दुसरा प्रश्न येतो. हे पुस्तक त्या प्रश्नाचं आहे.

ज्यांनी मेंढीकोट, लाडीस किंवा तीनशे चार खेळलं आहे, त्यांना ब्रिज परका वाटणार नाही. चार माणसं, समोरासमोर बसलेले दोन-दोन भिडू, बावन्न पानं, प्रत्येकाला तेरा. हुकूम असतो, उतारी असते, हात करायचे असतात. वेगळेपण बोलीत आहे. एक ते सात हे आकडे, चार रंग आणि नो-ट्रम्प (म्हणजे हुकूमाविना खेळ), शिवाय पास, डबल आणि रीडबल. मोजून पंधरा शब्द. याच पंधरा शब्दांत भिडूला सांगायचं की माझ्याकडे कोणता रंग लांब आहे आणि एकूण बळ किती आहे. बळ मोजायची सोपी रीत मिल्टन वर्क यांच्या नावाने ओळखली जाते. एक्क्याला चार गुण, राजाला तीन, राणीला दोन, गुलामाला एक, सगळे मिळून चाळीस. चार्ल्स गोरेन यांनी ती जगभर पोचवली. तेरा पानांचे वेगवेगळे हात किती होतात? ६३,५०१ कोटी ३५ लाख ५९ हजार ६००. एवढा पसारा पंधरा शब्दांत मावणार नाही. म्हणजे बोली ही मुळातच अपुरी भाषा आहे, आणि प्रतिस्पर्धी गप्प असला तरीही ती अपुरीच असते.

तो बोलला की ती आणखी आखूड होते. भिडूने ‘एक किलवर’ म्हटलं आणि उजवीकडच्याने ‘एक इस्पिक’ असा ओव्हरकॉल टाकला, तर माझ्या तोंडातले ‘एक चौकट’ आणि ‘एक बदाम’ हे शब्द गेले. जे मी एका पायरीवर स्वस्तात सांगितलं असतं, ते आता दोनच्या पायरीवर महागात सांगावं लागेल, किंवा सांगताच येणार नाही. ओव्हरकॉल करणाऱ्याचा हेतू अनेकदा तेवढाच असतो. त्याला आपली पानं दाखवायची असतात, आणि त्याहून जास्त आपली वाट अडवायची असते.

पण नदी वाट अडवते तेव्हा काही देतेही. पूर्वी नसलेले दोन शब्द आता मला मिळतात. पहिला ‘डबल’. दुसरा प्रतिस्पर्ध्याच्याच रंगाची बोली, म्हणजे क्यू-बिड. ‘एक इस्पिक’वर डबल म्हणजे ‘त्यांना पाडू’ असा जुना अर्थ होता. १९५७ मध्ये अल्विन रॉथ यांनी टोबायस स्टोन यांच्या जोडीने तो बदलला. डबल म्हणजे न बोललेले रंग माझ्याकडे आहेत, विशेषतः चार बदाम, तू निवड. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला होता, म्हणून या नव्या डबलला काही काळ स्पुटनिकच म्हणत. आज आपण त्याला निगेटिव्ह डबल म्हणतो. याखेरीज एक मोकळीकही मिळते. प्रतिस्पर्धी गप्प असता तर सहा गुणांवरही मला तोंड उघडावं लागलं असतं, कारण माझ्या पासनंतर बोली तिथेच संपू शकली असती. आता भिडूला पुन्हा संधी मिळणारच आहे. म्हणून पासलाही एक नवा, जाणीवपूर्वक अर्थ येतो.

आता ज्या पानांमुळे हे पुस्तक लिहिलं गेलं, त्यांच्याकडे वळतो.

एका वर्षी ऑगस्टात नदी चढली आणि चार-पाच दिवस उतरली नाही. आम्ही चौघे अडकलो होतो: नागपूरच्या वसतिगृहात ब्रिज शिकलेले एक डॉक्टर, एक वनाधिकारी, आश्रमशाळेतले एक गुरुजी आणि मी. वीज गेलेली, कंदील मधोमध, पत्त्यांचा एकच जोड आणि तोही दमट हवेने चिकट झालेला. गुरुजी माझे भिडू. त्यांनी ‘एक चौकट’ म्हटलं, डॉक्टरांनी ‘एक इस्पिक’ टाकलं आणि माझ्या हातात ही पानं होती:

इस्पिक ७-४-२, बदाम राजा-राणी-५, चौकट गुलाम-६-३, किलवर एक्का-९-८-४.

दहा गुण. आणि एकही बोली खरी नाही. ‘एक नो-ट्रम्प’ म्हणावं तर इस्पिक अडवणारं पान नाही. डबल मारावं तर चार बदाम हवेत, तीनच आहेत. ‘दोन किलवर’ला पाच पानं हवीत, चारच आहेत. ‘दोन चौकट’ला एरवी चार पानं असावीत, तीन आहेत, आणि त्या बोलीच्या मानाने गुणही थोडे जास्त. पास करावं तर दहा गुण गिळून बसणं आलं. मी डबल मारलं. माझा विचार असा होता की बदामाची तीन पानं असली तरी राजा-राणी आहेत, म्हणजे चौथ्या पानाची कसर भरून निघेल.

गुरुजींकडे चार बदाम होते. त्यांनी सरळ ‘दोन बदाम’ म्हटलं आणि तीच बोली ठरली. उतारी इस्पिकची झाली. माझ्याकडे इस्पिकची तीन बारीक पानं, त्यांच्याकडे दोन. तिसऱ्या फेरीला हुकूम मारावा लागला तो त्यांच्या चार पानी बाजूने. हुकूम आखूड बाजूने मारला तर एक हात कमावतो, लांब बाजूने मारला तर ताबा जातो, हे ब्रिजचं जुनं गणित आहे. बाहेर राहिलेले सहा बदाम चार-दोन फुटले होते. असं होण्याची शक्यता सुमारे ४८ टक्के असते, तीन-तीन फुटण्याची सुमारे ३६ टक्के. म्हणजे दोष नशिबाला देण्याची सोयही नव्हती. एक हात कमी पडला. गुरुजींकडे पाच चौकट होते. चौकटीत आठ हात सहज होत होते.

मी म्हटलं, “गुरुजी, माझ्याकडे बोलीच नव्हती.”

ते पानं गोळा करत होते. म्हणाले, “साहेब, बोली नव्हती हे खरं. पण तुमच्या डबलनंतर चार बदाम हातात असलेला माणूस काय करील, हा विचार केला होता का?”

केला नव्हता. मी माझ्याच पानांकडे बघत होतो. कोणती बोली माझ्या पानांचं वर्णन सगळ्यात जवळून करते, एवढंच मी मोजलं होतं. त्या रात्री कंदील मालवल्यावर मला पहिल्यांदा माझ्याच कामातला बुडीत पूल आठवला. पूल नदीत कसा दिसतो हे बघून तो बांधत नाहीत. पाणी वरून गेल्यावर त्याचं काय होतं हे बघून बांधतात. बोली निवडतानाही ती किती खरी आहे एवढ्यावर थांबायचं नाही. ती चुकली तर कशी चुकेल, आणि त्या चुकीचा भार कोणावर पडेल, हे बघायचं.

या पुस्तकातली सगळी प्रकरणं त्या एका वाक्याभोवती आहेत.

तीच पानं आता या प्रश्नाने पुन्हा वाचू. ‘दोन चौकट’ चुकली तर कशी चुकेल? पाच पानी मेजर पद्धतीत, म्हणजे बदाम किंवा इस्पिक उघडायला पाच पानं लागतात अशा पद्धतीत, माणूस तीनच चौकटींवर ‘एक चौकट’ म्हणतो ते एकाच आकाराच्या पानांवर: चार इस्पिक, चार बदाम, तीन चौकट, दोन किलवर. इथे डॉक्टरांनी इस्पिक बोललेलं, माझ्याकडे इस्पिकची तीन पानं, तेव्हा भिडूकडे चार इस्पिक असण्याची शक्यता फारच कमी. म्हणजे त्याच्याकडे चौकटीची निदान चार पानं जवळजवळ नक्की. माझं खोटं एका पानाचं, आणि ते त्याच्या लांब रंगाने झाकलं जातं. गुणांचं काय? पंधरा ते सतरा गुणांचा समतोल हात त्याने ‘एक नो-ट्रम्प’ने उघडला असता. म्हणून समतोल हातात त्याच्याकडे बहुधा बारा ते चौदा. माझे दहा मिळवून जास्तीत जास्त चोवीस. त्यात गेम, म्हणजे बक्षीस मिळवून देणारी मोठी बोली, हुकण्याची भीती थोडी. अठरा-एकोणीस असतील तर तो स्वतःच पुढे बोलेल. म्हणजे ही बोली चुकली तरी उथळ पाण्यात चुकते. डबल चुकलं की खोल पाण्यात चुकतं.

आता फक्त राणी बदामातून इस्पिकात हलवू. इस्पिक राणी-४-२, बदाम राजा-९-५, चौकट गुलाम-६-३, किलवर एक्का-९-८-४. गुण तेवढेच दहा. पण इस्पिकची राणी ओव्हरकॉल करणाऱ्याच्या मागे बसली आहे. मी नो-ट्रम्प खेळलो तर उतारी माझ्या डावीकडून येईल आणि इस्पिकच्या पहिल्या फेरीत शेवटचं पान माझं असेल. एक्का-राजा उजवीकडे असले तरी तिसऱ्या फेरीला माझी राणी बहुधा हात करील. ‘एक नो-ट्रम्प’ ही बोली आता पूर्ण खरी नसली तरी भार पेलणारी आहे. त्याच गुणांवर, केवळ एका राणीने, उत्तर बदललं. म्हणून या पुस्तकात पाठ करायचे नियम थोडे आणि वाचायच्या पानांची उदाहरणं जास्त आहेत.

कमकुवत हाताची गोष्ट झाली. बळ जास्त असेल तर? भिडूने ‘एक किलवर’ म्हटलं, उजवीकडून ‘एक इस्पिक’ आलं. हातात इस्पिक ८-६-३, बदाम एक्का-राणी-५, चौकट राजा-गुलाम-७, किलवर राजा-१०-६-२. तेरा गुण. भिडूने उघडलं आहे, तेव्हा गेम आमचाच. पण इस्पिक अडत नाही, चार बदाम नाहीत, आणि किलवरचं समर्थन करावं तर भिडूकडे किलवर तीनच असू शकतात. इथे मी ‘दोन इस्पिक’ म्हणतो, म्हणजे क्यू-बिड. ती सांगते की किलवरला आधार आहे आणि बळ आहे. आधाराचा भाग थोडा फुगवलेला आहे, बळाचा भाग मात्र पूर्ण खरा. भिडूकडे इस्पिक अडवणारं पान असेल तर तो नो-ट्रम्प म्हणेल आणि आम्ही जिथे पोचायचं तिथे पोचू. मी डबल मारलं आणि त्याने बदामात उडी घेतली, तर मला परत मागे येता येणार नाही. यातून या पुस्तकातला दुसरा धडा निघतो. आकाराबद्दलचं छोटं खोटं पुढच्या बोलीत दुरुस्त करता येतं. बळाबद्दलचं खोटं सहसा दुरुस्त होत नाही, कारण भिडू तेवढ्यात गेमवर उडी मारून बसतो किंवा कायमचा गप्प होतो.

कधी प्रतिस्पर्धी इतकी जागा खातो की मधला शब्दच उरत नाही. भिडूचं ‘एक बदाम’, त्यावर ‘तीन इस्पिक’. हातात इस्पिक ६-४, बदाम राणी-९-३, चौकट एक्का-गुलाम-८-५, किलवर राजा-१०-७-२. शांतपणे बोलता आलं असतं तर मी ‘जमलं तर गेम खेळ’ एवढंच सुचवलं असतं. आता सुचवायची पायरीच राहिलेली नाही. पास कमी आहे, ‘चार बदाम’ थोडी जास्त. मी ‘चार बदाम’ म्हणतो. भिडूकडे पाच बदाम आहेत, माझे तीन, म्हणजे आठ. इस्पिकात माझी दोनच पानं, म्हणजे तिथे आमचे हात फार जाणार नाहीत. बोली चुकली तर बहुधा एका हाताने चुकेल. पास चुकला तर गेम आणि त्याचा सगळा बक्षिसाचा वाटा जाईल. दोन्ही बाजूंच्या नुकसानाचं वजन करून मग निवड करायची. पूर आला म्हणजे मधोमध उभं राहता येत नाही, या काठावर थांबायचं किंवा त्या काठावर जायचं.

आणि कधी थांबणं हीच सगळ्यात खरी बोली असते. भिडूचं ‘एक चौकट’, उजवीकडून ‘एक इस्पिक’, आणि हातात इस्पिक राजा-गुलाम-१०-८-५, बदाम एक्का-६-२, चौकट ७-४, किलवर राणी-९-३. नवखा खेळाडू इथे डबल मारतो, आणि भिडू ते बदाम समजतो. दहा गुण असूनही इथे पास करावा. इस्पिक आखूड असलेला भिडू आपल्या पाळीला स्वतः डबल मारून बोली जिवंत ठेवील, मग मी पुन्हा पास करीन आणि त्यांनी निवडलेल्या रंगातच त्यांना अडकवू. हा पास भिडूवर विश्वास असल्याशिवाय करता येत नाही. नदी उतरेल हे माहीत असलेला माणूसच काठावर शांत बसतो.

इथे भामरागडची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हेमलकशाला बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहिले. २००८ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा ही कथा देशभर पोचली. आमच्यासारख्या सरकारी कामावरच्या माणसांना ती आधीच माहीत होती. विशेषज्ञ नाही, वीज नाही, समोर माडिया बोलणारा रुग्ण आणि त्याची भाषा अजून आपल्या तोंडात बसलेली नाही. पुस्तकातला आदर्श उपचार तिथे नव्हताच. जे हाताशी होतं त्यातलं रुग्णाला कमीत कमी इजा करील ते निवडायचं, आणि त्याची भाषा शिकत राहायची. पत्त्यांच्या खेळाची बरोबरी मी त्या कामाशी करत नाही. खेळात हरलो तर एक डाव जातो. पण निवडीची रीत ओळखीची आहे, आणि मी ती त्या रानात बघितली. अपुऱ्या शब्दांत बोलताना आपल्याला काय म्हणायचं होतं याला फारशी किंमत नसते. समोरच्याला काय ऐकू गेलं, तो त्यावर काय करणार, यावर सगळं ठरतं. कार्यालयातल्या दुभाष्याकडून माडिया गावकऱ्यांशी बोलताना मी ही चूक अनेकदा केली. गुरुजींसमोर बदामाच्या तीन पानांवर डबल मारलं, तेव्हाही तीच केली.

आपल्या घरांत पत्ते म्हटलं की जुगार आठवतो. झब्बू, बदाम सात, नॉट-ॲट-होम मुलांनी सुट्टीत खेळावं, मोठ्यांनी पत्त्यांत वेळ घालवू नये, असं मानणारे वाचक असतील. त्यांच्यासाठी एक न्यायनिवाडा सांगतो. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे रमीचा खटला आला, आणि तो निकाल लिहिला न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला यांनी, ज्यांनी नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिक्षण घेतलं आणि नागपूरच्याच उच्च न्यायालयात वकिली केली. रमीत दैव आहे, पण ते ब्रिजमध्ये पानं वाटताना असतं त्याच जातीचं, आणि तीन पत्तीसारखा हा खेळ निव्वळ नशिबाचा नाही, असं त्यांनी मांडलं. म्हणजे कौशल्याचं माप म्हणून त्यांच्यासमोर ब्रिज होता. डुप्लिकेट ब्रिजमध्ये तर वाटपाचं दैवही बाजूला केलं जातं. तीच पानं अनेक टेबलांवर खेळवतात आणि त्याच पानांवर इतरांनी काय केलं याच्याशी तुमची तुलना होते.

२०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिज पहिल्यांदा आला. पुरुष जोडीत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. तेव्हा बर्धन साठीचे होते. मिश्र संघाच्या कांस्यपदकात मुंबईच्या हेमा देवरा होत्या. पुढच्या हांगझोऊच्या स्पर्धेत पुरुष संघाने रौप्य जिंकलं. शहरांतल्या जिमखान्यांत हा खेळ आहेच. तो तालुक्याच्या गावी, शाळेच्या आवारात, निवृत्त माणसांच्या पारावर यावा, आणि मराठीत यावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. त्याला लागतात फक्त चार माणसं आणि एक पत्त्यांचा जोड.

हे पुस्तक कसं वाचावं? पत्ते बाहेर काढा. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला दिलेली तेरा पानं समोर मांडा आणि आपली बोली कागदावर लिहा. मग खाली दिलेले पाच प्रश्न तिला विचारा, उत्तर नंतर वाचा.

पहिला, या बोलीतलं खोटं एका पानाचं आहे की दोन पानांचं? एका पानाचं चालतं, दोन पानांचं क्वचितच.

दुसरा, ते किलवर-चौकटीत आहे की बदाम-इस्पिकात? बदाम-इस्पिकात भिडू आनंदाने उडी मारतो, म्हणून तिथलं खोटं महाग.

तिसरा, खोटं आकाराबद्दल आहे की बळाबद्दल?

चौथा, भिडूकडून सगळ्यात शक्य असलेलं उत्तर कोणतं, आणि ते आलं तर मला पेलेल का?

पाचवा, आज गप्प राहिलो तर पुन्हा पाळी येईल का?

या पाचांना सामोरं गेल्यावर जी बोली उरेल ती टाका, आणि टाकल्यावर चेहऱ्यावर काही दाखवू नका. बोलीतल्या शब्दाखेरीज काहीही सांगणं हा खेळाचा भंग आहे. एक पथ्य आणखी. एकदा थोडं खोटं बोललात की पुढे तीच बोली खरी धरून चाला. आपल्याच खोट्याच्या भीतीने दुसऱ्या पाळीला मागे खेचलंत, तर भिडूला दोन खोटी ऐकू येतात आणि त्याच्याकडे धरायला काहीच राहत नाही.

भिडूबद्दल शेवटी थोडं. अपूर्ण बोलीचा परिणाम भोगतो तो बहुतेक वेळा भिडू. पानं तो खेळतो, हात त्याचे कमी पडतात. म्हणून डाव संपल्यावर पहिलं वाक्य आपलं असावं, आणि त्यात सबब नसावी. गुरुजींनी त्या रात्री मला रागावून काही म्हटलं नाही. एक प्रश्न विचारला आणि पत्ते पिसून पुढचा डाव वाटला. आम्ही त्यानंतर आणखी काही पावसाळे एकत्र खेळलो. अशी पानं पुन्हा कितीतरी वेळा आली. कधी ‘दोन चौकट’ बरोबर ठरली, कधी नाही. पण चुकलो तेव्हाही आमच्यातलं बोलणं तुटलं नाही, कारण आपल्या बोलीवर समोरचा काय करील याचा विचार दोघांनीही केलेला असे.

पाचव्या दिवशी सकाळी नदी उतरल्याचं कळलं. आम्ही चौघे बघायला गेलो. वाटेवरच्या नाल्याचा रपटा चिखलाने माखलेला, फांद्या आणि बांबू अडकलेले, पण तो जागेवर होता. गावातली माणसं आमच्या आधीच पोचली होती. कोणी फावड्याने गाळ ओढत होतं, कोणी फांद्या बाजूला करत होतं. डॉक्टरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते कामाला लागले. त्यांच्या मागे गुरुजी उतरले, मग वनाधिकारी, मग मी. दुपारी पहिली गाडी पलीकडे गेली.

त्या तिघांना हे पुस्तक अर्पण आहे.

भामरागड
लेखक